पैनगंगेचे दोन काठ : आदिलाबादच्या सीमेवरील पाणीवाटप आणि त्याचे धडे

नदी दोन राज्यांची किंवा दोन देशांची सामाईक असली, की तिच्या पाण्याची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : कोणाला किती? गोव्याच्या वाचकाला म्हादईमुळे हा प्रश्न पाठ झाला आहे. वाट्याचा आकडा ठरला म्हणजे तंटा मिटला, असा सर्वसाधारण समज असतो. महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यामधून वाहणाऱ्या पैनगंगेचा, आणि पुढे वर्धा, प्राणहिता व गोदावरीचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. येथे वाट्याचे आकडे फार पूर्वी ठरले. तरीही काही प्रकल्प उभे राहिले नाहीत, काही उभे राहून वादात सापडले आणि एक बंधारा न्यायालयाने घालून दिलेल्या तारखांवर चालू लागला. यांतले काय टिकले आणि काय अडले, हे पाहण्यासाठी आदिलाबाद जिल्ह्याइतके बोलके उदाहरण मराठी प्रदेशाच्या सीमेवर क्वचितच सापडेल.

नदी आणि सीमा

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते. वाशीम, हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या जिल्ह्यांच्या हद्दींतून ती पूर्वेकडे जाते. इसापूरचे मोठे धरण आणि सहस्रकुंडचा धबधबा मागे टाकल्यावर तिच्या उजव्या काठाला तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो आणि डावा काठ यवतमाळ जिल्ह्याचा राहतो. पुढे ती वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि सुमारे ११३ किलोमीटर वाहून ती सिरोंचा-काळेश्वर येथे गोदावरीत विलीन होते. प्राणहिता ही गोदावरीची सर्वांत मोठी उपनदी आहे. गोदावरी खोऱ्याच्या एकूण ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक क्षेत्र, एकट्या प्राणहितेच्या खोऱ्यात येते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. त्यापूर्वीच्या अखंड जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर उत्तरेला व पूर्वेला पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि दक्षिणेला गोदावरी, अशी नद्यांनीच त्याची हद्द आखलेली दिसते. निजामाच्या काळात पैनगंगेच्या या काठाला हैदराबाद संस्थान होते, तर पलीकडे वऱ्हाड. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी भाग वेगळे होऊन तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. जैनद, बेला, तामसी या पट्ट्यात मराठी बोलणारी गावे आजही आहेत. दोन्ही काठांवर काळी जमीन आहे, दोन्हीकडे कापूस आणि सोयाबीन पिकतो, सोयरिकीही काठ ओलांडून होतात. एकाच नदीच्या पाण्यासाठी अर्ज मात्र दोन वेगळ्या राजधान्यांकडे करावे लागतात.

लवाद आणि करार

भारतीय राज्यघटनेनुसार पाणी हा राज्यांच्या सूचीतील विषय आहे. आंतरराज्य नद्यांचे नियमन व विकास यांबाबत संसदेला कायदा करता येतो. अनुच्छेद २६२ अन्वये आंतरराज्य नदी-तंट्यांच्या निवाड्याची व्यवस्थाही संसद करू शकते. त्यातून १९५६ साली दोन कायदे झाले : आंतरराज्य नदी जलविवाद कायदा आणि नदी मंडळ कायदा. पहिल्याखाली लवाद नेमले गेले. दुसऱ्याखाली, म्हणजे नदीचा कारभार एकत्र पाहण्यासाठी, आजवर एकही मंडळ स्थापन झाले नाही. तंटा सोडवण्याची यंत्रणा उभी राहिली. तंटा होऊच नये म्हणून रोज काम करणारी यंत्रणा कागदावर राहिली.

गोदावरीसाठी एप्रिल १९६९ मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमण्यात आला. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश आणि ओडिशा हे त्याचे पक्षकार होते. कृष्णा खोऱ्यात याच अध्यक्षांच्या लवादाने राज्यांना एकूण पाण्याचे वाटे नेमून दिले. गोदावरीत तसे झाले नाही. येथे राज्यांनी सुनावणी चालू असतानाच आपसांत करार केले. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांचा करार ६ ऑक्टोबर १९७५ रोजी झाला. लवादाने खोऱ्याचे बारा उपखोऱ्यांत विभाजन केलेले होते. त्यांत पैनगंगा सातवे, वर्धा आठवे आणि प्राणहिता नववे. जुलै १९८० च्या अंतिम निवाड्यात लवादाने राज्यांचे हे करार समाविष्ट केले.

त्या कराराचे मुख्य सूत्र असे होते : पैठणच्या धरणापर्यंतचे गोदावरीचे आणि सिद्धेश्वर धरणापर्यंतचे पूर्णेचे पाणी महाराष्ट्राने वापरावे, त्याखाली पोचमपाडपर्यंतच्या टप्प्यात नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राला ६० टीएमसीची मर्यादा राहावी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. याच काळातील सहमतीतून निम्न पैनगंगा हा संयुक्त प्रकल्प पुढे आला आणि आदिलाबादच्या शेतकऱ्याला पैनगंगेच्या कालव्याचे आश्वासन मिळाले.

टक्केवारी ठरली, धरण रखडले

यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगेवर मोठे धरण बांधावे आणि त्याचे पाणी ८८ टक्के महाराष्ट्राला, १२ टक्के आंध्र प्रदेशाला मिळावे, असे निम्न पैनगंगा प्रकल्पाचे स्वरूप ठरले. आज तो १२ टक्क्यांचा वाटा तेलंगणाकडे आला आहे. या आकड्यांवर दोन्ही राज्यांत कधी मोठे भांडण झाले नाही. तरीही करारानंतरच्या कित्येक दशकांत आदिलाबादच्या शेतात या धरणाचे पाणी पोहोचले नाही.

अडसर वाट्याचा नव्हता, बुडिताचा होता. नव्वदहून अधिक गावांना या धरणाची झळ पोहोचणार असल्याने काठच्या शेतकऱ्यांनी व आदिवासींनी दीर्घकाळ विरोध चालू ठेवला. वनजमिनीचा प्रश्न होता, खर्च वाढत गेला. ज्यांची घरे जाणार ती माणसे महाराष्ट्रातली. लाभ दोन्ही राज्यांचा. कराराच्या कागदावर दोन सरकारांच्या सह्या होत्या, बुडणाऱ्या गावांचे मत घेण्यासाठी जागाच नव्हती. ती पुढे आंदोलनांतून निर्माण झाली.

नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्याच्या लेंडी प्रकल्पाची कथाही याच वळणाची आहे. लेंडी नदीवरील या संयुक्त धरणात महाराष्ट्राचा वाटा ६२ टक्के आणि पलीकडच्या राज्याचा ३८ टक्के ठरला. टक्केवारीवर एकमत झाले, पण पुनर्वसन आणि मोबदला यांवरून काम अनेक दशके रेंगाळले. टक्केवारी ठरविणे हे अभियंत्यांचे आणि मंत्र्यांचे काम असते. ती प्रत्यक्षात उतरविण्याची किंमत कोणी आणि केव्हा द्यायची, हा प्रश्न गावांसमोर उभा राहतो.

पातळीचा करार

निम्न पैनगंगेची वाट पाहून थकल्यावर तेलंगणाने दुसरा मार्ग धरला. यवतमाळ जिल्ह्यातील चनाखा आणि आदिलाबाद जिल्ह्यातील कोरटा या समोरासमोरच्या गावांमध्ये पैनगंगेवर बॅरेज बांधायचे आणि उपसा सिंचनाने आदिलाबादच्या सुमारे पन्नास हजार एकरांना पाणी द्यायचे, अशी ही योजना. मोठे धरण नदीकाठाबाहेरची विस्तीर्ण जमीन व्यापते. बॅरेज मात्र बहुतांशी नदीच्या पात्रातच पाणी धरते आणि पुराच्या वेळी दरवाजे उचलून ते सोडून देते. चनाखा-कोरटाची साठवण अवघी ०.८ टीएमसीच्या आसपास आहे. त्यामुळे गावे बुडण्याचा प्रश्न जवळजवळ उरला नाही.

८ मार्च २०१६ रोजी दोन्ही राज्यांनी संयुक्त जलमंडळाच्या स्थापनेबाबत करार केला. त्यानंतर २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि के. चंद्रशेखर राव यांच्या उपस्थितीत तीन बॅरेजचे करार झाले. या करारांत वाट्याइतकेच महत्त्व पाणी कोणत्या उंचीपर्यंत अडवायचे, या आकड्याला मिळाले. समुद्रसपाटीपासून चनाखा-कोरटासाठी २१३ मीटर, प्राणहितेवरील तुमडीहेटीसाठी १४८ मीटर आणि गोदावरीवरील मेडीगड्डासाठी १०० मीटर, अशा पूर्ण जलपातळ्या नक्की झाल्या.

पातळीचा हा आकडा सामान्य वाचकाला नीरस वाटेल. काठच्या शेतकऱ्यासाठी मात्र तोच निर्णायक असतो. तुमडीहेटीचे उदाहरण घ्यावे. अविभाजित आंध्र प्रदेशाने २००८ साली पायाभरणी केलेल्या प्राणहिता-चेवेळ्ळा योजनेत तेथे १५२ मीटर पातळी धरली होती आणि १६० टीएमसी पाणी तेलंगणाच्या कोरड्या भागात नेण्याचा विचार होता. पातळी जितकी उंच, तितकी गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अधिक जमीन पाण्याखाली. म्हणून महाराष्ट्राने हरकत घेतली. १५२ आणि १४८ यांत अंतर चार मीटरचे. सपाट काठावर चार मीटर म्हणजे कित्येक शेते असतात.

पुढे तेलंगणाने मुख्य भर मेडीगड्डा येथून पाणी उचलणाऱ्या काळेश्वरम योजनेवर दिला. २१ जून २०१९ रोजी तिचे उद्घाटन झाले. बॅरेजचे एक टोक गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात असल्याने फुगवट्याने शेती बुडते, मोबदला मिळत नाही, अशा तक्रारी सिरोंच्यातील शेतकऱ्यांनी वारंवार केल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅरेजचे काही खांब खचले आणि योजनेचे भवितव्यच चर्चेत आले. त्याच वर्षाअखेरीस तेलंगणात सत्तांतर झाल्यावर तुमडीहेटीचा विषय पुन्हा पुढे आला आणि त्याबरोबर पातळीचा जुना प्रश्नही. एकदा ठरलेली पातळी बदलायची तर पुन्हा महाराष्ट्राशी बोलावे लागते, कारण चर्चा नदीच्या पाण्याची असली तरी बुडणारी जमीन पलीकडच्या राज्याची असते.

बाभळी : तारखांवर चालणारा बंधारा

आदिलाबादच्या जुन्या हद्दीच्या दक्षिण काठावर गोदावरीवर पोचमपाडचे श्रीरामसागर धरण आहे. त्याच्या जलाशयाचा फुगवटा महाराष्ट्रात नांदेड जिल्ह्यापर्यंत येतो. या फुगवट्याच्या क्षेत्रातच, सीमेपासून सुमारे सात किलोमीटर आत, महाराष्ट्राने बाभळीचा बंधारा बांधायला घेतला. आपल्या धरणात येणारे पाणी वरच अडवले जाईल, या भीतीने आंध्र प्रदेश २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०१० मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू बंधाऱ्याकडे निघाले असता त्यांना धर्माबाद येथे अटक झाली आणि हा विषय दोन्ही राज्यांत भडकला.

२८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. २.७४ टीएमसी क्षमतेचा बंधारा पाडण्याची मागणी मान्य झाली नाही. मात्र तो कसा चालवायचा, हे बांधून दिले. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या पावसाळ्याच्या काळात सर्व दरवाजे वर ठेवायचे. २९ ऑक्टोबर ते ३० जून या काळात पोचमपाडचे पाणी उलटे बंधाऱ्यात येऊ द्यायचे नाही. आणि दोन्ही जलाशयांच्या सामाईक क्षेत्रातील ०.६ टीएमसी पाणी दरवर्षी १ मार्च रोजी खाली सोडायचे. या अटींवर लक्ष ठेवण्यासाठी केंद्रीय जल आयोगाचा एक आणि दोन्ही राज्यांचा प्रत्येकी एक, अशी तीन सदस्यांची समिती नेमण्यात आली.

तेव्हापासून दरवर्षी दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत दरवाजे उघडतात आणि मिटतात. वाद पूर्ण संपला असे म्हणता येणार नाही. पावसाळ्यात भरपूर पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते आणि दरवाजे बंद होतात तेव्हा नदीचा ओघ ओसरलेला असतो, ही नांदेडच्या शेतकऱ्याची व्यथा खरी आहे. तारखा बदलाव्यात ही मागणीही समजण्यासारखी आहे. तरीही जुलै २०१०चा भडका पुन्हा उडालेला नाही. दोन्ही बाजूंना कधी काय होणार हे आधी ठाऊक असते आणि ते झाले की नाही हे पाहणारे कोणीतरी तेथे उभे असते.

देशांमधील नद्या

जी गोष्ट दोन राज्यांमध्ये दिसते, तीच दोन देशांमध्ये अधिक ठळक होते, कारण तेथे वर सर्वोच्च न्यायालय नसते. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे पंडित नेहरू आणि अयूबखान यांनी जागतिक बँकेच्या मध्यस्थीने सिंधू जलकरारावर सही केली. पूर्वेकडील तीन नद्या भारताला आणि पश्चिमेकडील तीन मुख्यत्वे पाकिस्तानला, अशी ती वाटणी. हा करार तीन युद्धांतून टिकला, त्यात दोन्ही देशांचे कायमस्वरूपी सिंधू आयुक्त, नियमित बैठका आणि माहितीची देवाणघेवाण यांचा वाटा मोठा होता. पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला. राजकीय विश्वास पूर्ण तुटला की सर्वांत भक्कम यंत्रणाही थांबते, हेही त्यातून दिसले.

भारत आणि बांगलादेश यांचा गंगा करार १२ डिसेंबर १९९६ रोजी झाला. त्यात १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या काळापुरतीच वाटणी आहे आणि तीही दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांनी. फराक्का येथील प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे, अधिक असेल तर ठरलेल्या सूत्राने. मोजमापाला दोन्ही देशांचे निरीक्षक हजर असतात. या कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९९६ मध्ये, भारत आणि नेपाळ यांनी महाकाली करार केला. त्यातील पंचेश्वर धरण आजतागायत उभे राहिलेले नाही. निम्न पैनगंगेची ही जणू हिमालयातली आवृत्ती आहे : लाभाची वाटणी कागदावर, धरण नकाशावर.

आकड्यांपलीकडचे प्रश्न

आदिलाबादच्या सीमेवरील सर्व करार पाण्याच्या साठ्याविषयी बोलतात. नदी मात्र साठ्याखेरीजही बरेच काही घेऊन येते. उन्हाळ्यात पैनगंगेचे पात्र कोरडे पडते आणि काठच्या गावांना इसापूरमधून पाणी सोडण्याची मागणी करावी लागते. पावसाळ्यात हीच नदी आदिलाबादजवळील राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील पुलाला भिडते. जुलै २०२३ मध्ये तेथील वाहतूक थांबवावी लागली होती. वणी-घुग्गुसच्या कोळसापट्ट्यातून वाहणाऱ्या पाण्याची शुद्धता हा तिसरा प्रश्न. वरच्या धरणातून किती पाणी केव्हा सुटणार, याची सूचना खालच्या राज्यातील तलाठ्यापर्यंत किती तासांत पोहोचते, हे कोणत्याही टक्केवारीत लिहिलेले नसते. पुराच्या रात्री मात्र जीव त्यावरच अवलंबून असतात.

२०१४ साली तेलंगण झाल्यावर केंद्राने गोदावरी नदी व्यवस्थापन मंडळ नेमले. त्याची कक्षा मात्र आंध्र प्रदेश आणि तेलंगणा यांच्यापुरती आहे. प्राणहितेचे बहुतेक पाणी ज्या राज्यांतून येते, ते महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश त्यात नाहीत. एका खोऱ्याचा कारभार अशा रीतीने लवादाचा निवाडा, द्विपक्षीय करार, न्यायालयाचा आदेश आणि अर्ध्या खोऱ्याचे मंडळ यांत विभागला गेला आहे.

गोव्यासाठी यात थेट उपयोगाचे काही आहे. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. आपली चर्चा अजूनही बहुतांशी याच आकड्यांवर चालते. त्याउलट तिळारी प्रकल्पात सुमारे ७३ टक्के वाटा गोव्याचा आणि उरलेला महाराष्ट्राचा, असे ठरून धरण झाले, कालवे आले आणि बार्देश-पेडण्यापर्यंत पाणी पोहोचले. पण धरणग्रस्तांचा प्रश्न तेथेही वर्षानुवर्षे धुमसत राहिला. म्हादईसाठी केंद्राने २०२३ साली मंजूर केलेल्या ‘प्रवाह’ प्राधिकरणाचे यश म्हणूनच वेगळ्या कसोटीवर पाहावे लागेल. कळसा-भांडुराच्या परिसरात प्रवाह कोण मोजतो? तो आकडा गोव्याला किती दिवसांनी कळतो? मोजणीच्या वेळी गोव्याचा अधिकारी तेथे असतो काय? कोरड्या महिन्यांत किमान किती पाणी खाली आले पाहिजे, हे तारखेसह लिहिलेले आहे काय?

पैनगंगेच्या काठाने पन्नास वर्षांत दिलेला अनुभव असा की टक्केवारीचा करार सही करायला सोपा आणि पाळायला अवघड असतो. पातळी, तारीख आणि साक्षीदार असलेला करार जुळवायला अवघड, पण चालवायला सोपा. बुडणाऱ्या गावाला त्या कराराच्या मसुद्यातच जागा दिली, तर पुढची कित्येक दशके वाचतात. कोरट्याचा शेतकरी आणि चनाख्याचा शेतकरी सकाळी एकाच नदीकडे पाहतात. त्यांच्या दृष्टीने करार खरा ठरतो तो ओढ्याला, कालव्याला किंवा विहिरीला पाणी आल्यावरच.